लखू दादू भोई

"पोहता कुणाकुणाला येतं?"

सुभेदार इंगवले दुसऱ्यांदा विचारत होते. नदीच्या बांधाआड आम्ही वीस-बावीसजण चिखलात उकिडवे बसलो होतो आणि जो तो आपल्या बुटांकडं बघत होता. सन चव्वेचाळीस, डिसेंबर महिना, मुलूख इटलीचा. धुकं असं, की चार हातांवरचा माणूस नुसता काळा डाग दिसावा.

त्या नदीला काहीतरी नाव होतं. आम्ही तिला 'पुढली नदी' म्हणायचो. तिकडं एक नदी ओलांडली की जर्मन मागं सरून पुढच्या नदीपलीकडं बसायचा आणि आम्ही पुन्हा चिखलात. दोन्ही काठांना दुमजली घराएवढे मातीचे बांध, मधून डोंगरातल्या बर्फाचं पाणी, गढूळ आणि जबरदस्त ओढीचं. पूल जर्मनांनी उडवला होता. त्याच्या वाकड्यातिकड्या सळया पाण्यातून वर आलेल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी नाईक गुंडू पाटील सहाजणांना घेऊन कापडी होडीतून पलीकडं गेला होता. पहाटे त्यानं पलीकडून ओरडून सांगितलं, होडी फाटली, तिघं जखमी आहेत, गोळ्या संपत आल्यात. जर्मनाला मराठी कळत नव्हती, एवढंच बरं. तांबडं फुटताना आम्ही दुसरी होडी सोडली. पाण्याच्या ओढीनं तिची भिंगरी झाली, ती उलटली आणि खाली वाहत गेली. तिच्यातले दोघं पुन्हा दिसले नाहीत. आता एकच होडी उरली होती आणि एकच उपाय. कुणीतरी दोर घेऊन पोहत पलीकडं जायचं. दोर दोन्ही काठांना ताणला की होडी त्याला धरून ओढता येते. धुकं साधारण दहाला उठायचं. जे काय व्हायचं ते त्याच्या आत.

"साहेब, आमी सगळी डोंगराकडची," मागून कुणीतरी पुटपुटलं. "आमचं पोहणं म्हंजे विहिरीतलं."

"मी जातो."

आवाज माझ्या शेजारून आला. शिपाई केरबा शिंदे. वय वीसच्या आतलं, मिसरूड नुकतंच जाड होऊ लागलेलं. मी त्याच्या सेक्शनचा लान्स नाईक होतो. मी त्याची बाही धरून त्याला खाली ओढला.

"खाली बस," मी कुजबुजलो. "सगळं उघडं पडंल."

"पडू दे," तो म्हणाला आणि बाही सोडवून उभा राहिला.

त्या बावीसजणांत मला एकट्यालाच ठाऊक होतं, की तो केरबा शिंदे नाही.

मला ते कळलं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. एका ओढ्यावर आम्ही कपडे धूत होतो. हा गुडघाभर पाण्यात उभा राहून दगडाखाली हात घालत होता आणि एकेक मासा काढून काठावर टाकत होता. जाळं नाही, गळ नाही. मी दौलू चौगुले, पंचगंगेकाठचा. असे हात मी लहानपणापासून बघितलेले. मी सहज विचारलं, "शिंद्याच्या पोराला ह्ये कुणी शिकवलं रं?" तर त्याच्या तोंडावरचं रक्तच गेलं. संध्याकाळी तो मला बाजूला घेऊन गेला आणि सगळं बोलला.

त्याचं नाव लखू. कृष्णेकाठच्या कुरणघाटचा. जातीनं भोई. बाप दादू नदीत नाव चालवायचा, मासे धरायचा, कुणाच्या घरी लग्न असलं की पालखी उचलायला जायचा. आमच्या पलटणीत घेत होते फक्त मराठे. शेजारच्या नांदणवाडीतल्या केरबा शिंदे नावाच्या पोराला गावच्या पाटलानं भरतीची चिठ्ठी दिली होती आणि ऐन वेळी त्याचे पाय लटपटले होते. ती चिठ्ठी लखूनं मागून घेतली आणि केरबा शिंदे होऊन तो भरती झाला.

"एवढी कसली हौस हुती तुला?" मी विचारलं होतं.

"हौस न्हवती. एकाला दावायचं हुतं."

"कुणाला?"

"हाय एक."

"आनि आईला तरी कळवलंस का?"

"पत्त्यावर भोई ल्यावं लागंल दौलूदादा. पत्रं सायेब लोक वाचत्यात. लढाई सरली की ह्याच कपड्यात घाटावर जाऊन हुभा ऱ्हाईन."

मी कुणाला काही बोललो नाही. पण एकदा चूक केली. पहाऱ्यावर तो उशिरा आला तेव्हा रागाच्या भरात मी म्हणालो, "भोयानं पालखीच उचलावी, बंदूक न्हाई." चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "ह्ये बोलणं मी एकदा ऐकलंय दौलूदादा. तुमच्या तोंडनं ऐकायला नको हुतं." मी मान खाली घातली. त्यापुढं आम्ही एका ताटात जेवलो.

सुभेदार जवळ आले. धिप्पाड माणूस, मिशा पिकलेल्या, छातीवर आधीच्या लढायांच्या फिती. "शिंदे, ही काय गावाकडची विहीर न्हवं. पाणी बघितलंस का?"

"बघितलंय. हितनं उतरून उपेग न्हाई."

त्यानं बांधावरचं गवत उपटून मूठभर पाण्यात टाकलं आणि धुक्यात दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला. मग काठाकाठानं वरच्या अंगाला चालत गेला. तिथून पुन्हा गवत टाकलं. असं तीनदा केलं. आम्ही सगळे वाकून त्याच्या मागं. चौथ्या ठिकाणी, नदी वळते तिथं तो थांबला.

"हितनं. हितं पाणीच माणसाला पल्याड फेकतंय. निम्म्यापातुर हात मारायचा, पुढचं ती करती. लंगरातनं तेल आणा, असंल तेवढं."

तो असा बोलत होता जसा काही तोच सुभेदार. तेल आलं. त्यानं कपडे उतरवले. त्या थंडीत नुसत्या चड्डीवर उभा राहून तो अंगाला तेल चोळू लागला. पाठीला मी चोळलं. कातडीवर काटा नव्हता. मी त्याच्या कमरेला टेलिफोनची तार बांधायला घेतली. तार हलकी, ती पोचली की तिच्या टोकाला जाड दोर बांधून ओढायचा, असं ठरलं.

"शाबास शिंदे," सुभेदार म्हणाले. "मराठ्याचा बच्चा हायस."

लखूनं तार बांधणारा माझा हात धरून थांबवला.

"सायेब, मी शिंदे न्हाई. मराठा बी न्हाई. मी भोई हाय."

सुभेदारांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना वाटलं, पोराला भीतीनं भ्रम झाला.

"दोन वर्सांमागं तुमी आमच्याकडच्या बाजारात भरतीला आला हुता," लखू म्हणाला. "पिंपळाखाली टेबल हुतं. तुमी तवा जमादार. माजी छाती मोजली, पुरी भरली. मग जात इचारली. मी सांगितली. तुमी हसला. म्हणला, आमाला बंदूक उचलणारी मानसं पायजेत, पालखी उचलणारी न्हाईत. पोरीचं लगीन निघालं की तुला बोलवीन. सगळा बाजार हसला. ध्यानात हाय?"

सुभेदारांच्या ध्यानात नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. असं किती पोरांना म्हटलं असेल, काय सांगावं.

"ही काय येळ हाय का ह्ये बोलायची?" ते म्हणाले.

"हीच येळ हाय. माजा बाप पुरात उतरायच्या आदी नदीला आपलं नाव सांगायचा. दुसऱ्याच्या नावानं मी पाण्यात उतरणार न्हाई. लखू दादू भोई, कुरणघाट. तुमी तेवढं म्हणा, मी उतरतो."

"अरे पल्याड सात मानसं मरायला लागल्यात!"

"मी जाणारच हाय सायेब. तुमी नाव घेतलं न्हाई तरी जाणार. पन घ्या."

सुभेदारांनी तोंड फिरवलं आणि हातानं पाण्याकडं खूण केली. "जा."

लखू थोडा हसला. पाण्याकडं वळून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं आपलं नाव, बापाचं नाव आणि गाव त्यानं स्वतःच सांगितलं, आणि उतरला.

तार माझ्या हातात होती. चार हातांवर तो धुक्यात गेला, त्यानंतर मला त्याची खबर फक्त त्या तारेतून. तार सरसर सुटत होती; मधेच थबकली की माझा श्वास थांबायचा, पुन्हा सुटली की सुरू व्हायचा. मधे एकदा ती नुसती ताणून कापत राहिली. शेजारचा पोरगा देवाचं नाव घेऊ लागला. मग ढिली पडली. मग तीन हिसके आले.

कुणी ओरडायचं नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांचे दंड दाबले.

पुढचं सगळं त्यानं सांगितल्यासारखं झालं. दोर पलीकडं गेला, होडी दोराला अडकवली. पहिल्या खेपेला तिघं जखमी आले. एकाची मांडी फुटलेली, तो सारखा सांगत होता, "त्यो बर्फासारखा गार पडलाय, पन आमाला उचलून होडीत त्यानंच ठेवलं." दुसऱ्या खेपेला तिघं आले. राहिले गुंडू पाटील आणि लखू. होडी तिसऱ्यांदा गेली. तेवढ्यात पाण्यावरचं धुकं फाटायला लागलं. आधी पुलाच्या सळया दिसल्या, मग पलीकडचा बांध, मग होडीतले दोघं.

मध्यावर होडी थांबली. दोर पुलाच्या एका सळईत अडकला होता. आम्ही दहाजण ओढत होतो, हलेना. पलीकडच्या बांधावर मशीनगन सुरू झाली. पहिल्या गोळ्या पाण्यात वरच्या अंगाला पडल्या. लखू होडीत उभा राहिला, एकदा गोळ्यांच्या दिशेनं बघितलं आणि पाण्यात उतरला. सळईपाशी गेला. बुडी मारली. वर आला. पुन्हा बुडी मारली. दोर एकदम सुटला आणि आम्ही ओढणारे सगळे मागं उताणे पडलो. होडी सरळ आमच्याकडं येऊ लागली. लखू सळईला एका हातानं धरून होता. त्यानं दुसरा हात वर करून आम्हाला खूण केली, ओढा, ओढा. तिथंच त्याला गोळ्या लागल्या.

गुंडू पाटील दंडात गोळी घेऊन काठाला लागला. तार अजून लखूच्या कमरेला होती आणि तिचं दुसरं टोक पहिल्या खेपेच्या होडीबरोबर परत माझ्या मुठीत आलं होतं. मी ओढली. तो आला.

दुपारी कंपनीच्या कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात त्यांचं ऑफिस होतं. साहेब इंग्रज, तरुण, तीन रात्री न झोपलेले. आत जायच्या आधी सुभेदारांनी मला दाराशी अडवलं.

"चौगुले, सायेब कागद करत्यात. सनद मिळंल पोराला, बादशाच्या शिक्क्याची. नाव केरबा शिंदे, गाव नांदणवाडी. तू साक्षीला सही करायची."

"त्याचं नाव त्ये न्हवं. तुमच्यासमोर सांगून उतरला त्यो."

"खोट्या नावानं भरती झालेल्याला सनद मिळंल व्हय? कागद फाडून टाकतील. मराठा म्हणून मेला, मराठा ऱ्हाऊ दे. ह्यात त्याचाच मान हाय."

"त्याला आई हाय सायेब. नांदणवाडीला तार गेली तर तिला कोण सांगणार?"

ते माझ्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात बोलले. हे बोलताना त्यांचे डोळे लाल झाले होते, हेही सांगितलं पाहिजे. "दौलू, मराठ्याच्या पलटणीतली सात मानसं एका भोयानं वाचवली, असं लिहिलं तर लोक इचारतील, बाकीचे वीसजण काय करत हुते? मी काय करत हुतो?"

"बुटांकडं बघत हुतो सायेब," मी म्हणालो. "सगळेच."

आत गेल्यावर मी कॅप्टनसाहेबांना मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सगळं सांगितलं. नाव, बापाचं नाव, गाव, जात. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सुभेदारांना विचारलं, हे खरं आहे का?

सुभेदार ताठ उभे होते. "नाही साहेब. ह्याचा जिवाभावाचा दोस्त गेलाय. डोकं ठिकाणावर नाही."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बाहेर तोफा सुरू झाल्या होत्या, टेलिफोन वाजत होता. त्यांनी पेन उचललं आणि केरबा शिंदे लिहिलं. सहीसाठी कागद माझ्याकडं सरकवला. मी हात मागं बांधले.

"सही करो, लान्स नाईक."

"ह्या नावाचा कोणी मेलेला नाही साहेब. मी सही करणार नाही."

त्यांनी तीनदा सांगितलं. तीनदा मी तेच म्हणालो. दंडावरची फीत त्याच दिवशी उतरली, ती लढाई संपेपर्यंत परत चढली नाही.

संध्याकाळी बांधामागच्या द्राक्षाच्या मळ्यात लखूला अग्नी दिला. लाकडं ओली होती, पेटायला वेळ लागला. शेवटी नाव घेऊन सलामी द्यायची होती. सुभेदार पुढं झाले, पण त्यांच्या तोंडून काही निघेना. तेव्हा गुंडू पाटील, ज्याचा हात गळ्यात बांधलेला होता, माझ्याकडं वळला. "दौलू, नाव काय म्हणालास?"

मी सांगितलं. गुंडू पाटील त्या मळ्यात सगळ्यांच्या पुढं उभा राहून ओरडला, "लखू दादू भोई!" आणि सगळ्या पलटणीनं, जर्मन ऐकतोय का याची फिकीर न करता, ते नाव मागोमाग घेतलं. सुभेदारांचे ओठ हलले की नाही, मला धुरातून दिसलं नाही.

सेहेचाळीस साली मी सुटून घरी आलो. दोन दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी नांदणवाडीला गेलो. शिंद्यांचं घर विचारायला लागलं नाही. सोप्यातच भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्या रांगेत ती सनद काचेच्या चौकटीत लावलेली, वर हार. खाली घोंगड्यावर म्हातारे शिंदे बसलेले, आणि त्यांच्या शेजारी विडी ओढत एक पंचविशीचा धडधाकट माणूस.

"केरबा शिंदे तुमीच का?" मी त्याला विचारलं.

"व्हय. तुमी कोण?"

"मी तुमच्या मैताला हुतो."

विडी त्याच्या हातातून पडली. म्हातारा उठून उभा राहिला. "पावणं, आवाज हळू करा. आमी काय मागायला गेलो न्हवतो. आधी तार आली, घरात रडारड झाली, आनि ह्यो तर मागं गोठ्यात वैरण घालत हुता! सरकारला उलट कळवावं तर चिठ्ठी दुसऱ्याला दिली म्हणून आत टाकतील. म्हणून वारसाची पेन्शन बी घेतली न्हाई. मग ह्यो कागद आला. मामलेदारानं सभा घेऊन दिला. सगळं गाव टाळ्या वाजवत हुतं. काय करणार?"

"गावाला दिसत न्हवतं का, पोरगा जित्ता हाय त्ये?"

"लहानपणी मामाकडं दिलेला धाकटा हुता, त्यो ह्याच्या नावानं गेला, म्हणून सांगितलं."

"हाय का धाकटा?"

म्हाताऱ्यानं खाली पडलेली विडी पायानं विझवली.

मी चौकटीकडं हात केला तसा तो आडवा आला. "शिंद्याचं नाव हाय त्यावर! सरकारी शिक्का हाय!"

"नाव तुमचं हाय," मी म्हणालो. "गोळ्या कुणी खाल्ल्या? मी तार धरून हुतो म्हातारबाबा. ह्या हातांनी वढला मी त्याला. आता बाजूला व्हा, न्हाईतर ह्या केरबाला चावडीवर घेऊन जातो आनि तिथं इचारतो, की तू मेलास कवा."

केरबाच उठला. त्यानं स्वतः हार काढला, चौकट खाली घेतली आणि माझ्या हातात दिली. "मला झोप येत न्हवती हिच्याखाली," तो बापाकडं न बघता म्हणाला. "त्याच्या आईला सांगा… काय सांगणार तुमी तरी."

नाव दुरुस्त व्हावं म्हणून मी पुढं अर्ज केले. इंग्रजाला केले, ते गेल्यावर आपल्या सरकारला केले, गुंडू पाटलाची साक्ष जोडून केले. एकोणीस अर्ज. कागदावर आजही तेच नाव आहे. पण हे नंतरचं. त्या दिवशी मी चौकट काखेत मारून नदीकडं निघालो.

कुरणघाट म्हणजे घाटाच्या वरच्या अंगाला पाच-सहा भोयांची घरं. उन्हं उतरत होती. वाळूवर जाळी पसरलेली, एक-दोन नावा उलट्या घालून डांबर लावायचं चाललेलं. लखूचं घर विचारलं तसं नावेला डांबर लावणाऱ्या म्हाताऱ्यानं मला खालीवर बघितलं. अंगावर मी मुद्दाम पलटणीचे कपडे घातले होते.

"दादूचं घर? दादू तर गेला दोन वर्सांमागं. म्हातारी हाय, सारजा. पन लखूचं नाव तिच्याजवळ काढू नका. चार वर्सांमागं पुराच्या दिसात पोरगा नाईसा झाला. बुडाला. दादूनं, आमी, आठ दिस नदी धुंडाळली. म्हातारी आइकतच न्हाई; म्हणती, माजा लखू बुडायचा न्हाई. त्याचं दिवसकार्य बी करू दिलं न्हाई तिनं. सगळ्यांशी भांडली. आता कुनी बोलत न्हाई तिच्याशी."

सारजाबाई दारात जाळं विणत बसल्या होत्या. वाळलेल्या, काळ्या, ताठ. माझे कपडे बघून त्यांचे हात थांबले. मी समोर खाली बसलो.

"आई, मी दौलू चौगुले. लखू माझ्यासंगं पलटणीत हुता."

मी सांगायला सुरुवात केली. भरतीपासून सगळं सांगितलं, बाजारातल्या टेबलापासून. पिंपळाखाली काय बोलणं झालं ते सांगितलं तेव्हा त्यांची मान एकदा हलली, जसं काही बऱ्याच दिवसांचं कोडं सुटलं. नदी सांगितली, गवताच्या मुठी सांगितल्या. सनद वाचून दाखवली. जिथं केरबा शिंदे लिहिलं होतं तिथं मी लखू दादू भोई वाचलं, आणि नांदणवाडीच्या जागी कुरणघाट. मग सात माणसं सांगितली. मग तिसरी खेप सांगायची आली आणि मी चौकट त्यांच्यापुढं ठेवली.

"म्हंजे पान्यातच गेला," सारजाबाई म्हणाल्या.

"पान्यात हुता. पन…"

"दौलू, माझ्याकडं बघून सांग. बुडाला का?"

"न्हाई आई. बर्फाचं पानी हुतं, त्यातनं नदी पार केली त्यानं. दोर सोडवला. मग गोळ्या लागल्या. मी त्याला वढून काठावर घेतला, पालथा घालून बघितलं. पोटात थेंबभर पानी न्हवतं. नदीला काय करता आलं न्हाई त्याचं."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. उठल्या. पदर डोक्यावर घेतला. मला वाटलं आता हंबरडा फोडतील, म्हणून मी आधाराला हात पुढं केला. तो त्यांनी दूर सारला. अंगणाच्या कडेला, जिथून खालचा घाट, नावा, जाळी आणि सगळी माणसं दिसत होती, तिथं जाऊन त्या उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र असा खणखणीत निघाला, की डांबर लावणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थांबला, वाळूवरच्या बायका वळून बघू लागल्या.

"आइका रं समदी! माजा लखू मेला. लढाईत मेला, गोळ्या खाऊन मेला. बुडाला न्हाई!"